कारखान्यातील बिनतारी संदेशवहन : सोय आणि सावधगिरी

साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की त्याच्या आवारात दिवस आणि रात्र असा भेद उरत नाही. वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, यारी उसाच्या मोळ्या उचलून गव्हाणीत टाकीत असते, गिरणीतून निघालेले ओले चिपाड बॉयलरकडे जात असते आणि रस तापविणाऱ्या पात्रांभोवती वाफ दाटलेली असते. या साऱ्या कामांना एका सूत्रात बांधणारी गोष्ट म्हणजे निरोप. वाफेचा दाब, रसाचे तापमान, मळीच्या टाकीतील पातळी, गिरणीच्या बेअरिंगची उष्णता, यारीला द्यावयाची आज्ञा असे असंख्य निरोप क्षणोक्षणी इकडून तिकडे जात असतात. आजवर हे निरोप प्रामुख्याने तांब्याच्या तारेने जात आले. आता त्यांपैकी बरेचसे हवेतून, म्हणजे बिनतारी मार्गाने जाऊ लागले आहेत. साखर उद्योगाप्रमाणेच ओतशाळा, कापड गिरण्या, रासायनिक कारखाने आणि मोटारींचे सुटे भाग बनविणारे उद्योग यांतही हेच घडत आहे.

हा बदल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. कारखान्यात तार टाकणे हे खर्चाचे आणि कष्टाचे काम असते. तारेसाठी चर खणावे लागतात, नळ्या बसवाव्या लागतात आणि दमट हवेत गंजणारे जोड दरवर्षी तपासावे लागतात. फिरत्या किंवा सरकत्या भागांपर्यंत तार नेणे तर फारच जिकिरीचे असते. यारी चालविणारा कामगार लोंबत्या केबलला जखडलेला असला की त्याला भाराच्या अगदी जवळून चालावे लागते. हातात बिनतारी नियंत्रक असला तर तो सुरक्षित अंतरावर उभा राहू शकतो.

तथापि, तार काढून टाकली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. तार ही निरोपाची खाजगी वाट असते, तर हवा हा सर्वांचा सामायिक रस्ता आहे. त्या रस्त्यावर अडथळे आहेत, गर्दी आहे, गोंगाट आहे आणि प्रसंगी परकी माणसेही आहेत. म्हणून कारखान्यात बिनतारी यंत्रणा बसविण्यापूर्वी प्रत्येक निरोपाबाबत एक प्रश्न विचारला पाहिजे : हा निरोप पोहोचलाच नाही, तर काय होईल? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने बिनतारी संदेशवहनातील अडचणी आणि त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे.

अल्प पूर्वेतिहास

विद्युत-चुंबकीय लहरींचे अस्तित्व मॅक्सवेल यांनी गणिताने दाखविले आणि हाइन्‌रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केले. आपल्या देशात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. पुढे १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यामधील बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिची केंद्रे पुण्याजवळील खडकी आणि दौंड या ठिकाणी होती.

त्या काळी बिनतारी साधन उपयोगात येई ते तार पोहोचू शकत नसेल अशा ठिकाणी : समुद्रातील जहाजाशी बोलण्यासाठी किंवा दूरच्या देशाशी संपर्क ठेवण्यासाठी. आव्हान होते ते अंतराचे. आज कारखान्यातील दोन उपकरणांमधील अंतर बहुधा पन्नास-शंभर मीटरांहून अधिक नसते. तरीही खडकीहून इंग्लंडला निरोप पोहोचत असे आणि बॉयलरच्या अलीकडचा निरोप पलीकडे पोहोचत नाही, असा अनुभव येतो. याचे कारण असे की, कारखान्यात प्रश्न अंतराचा नसून परिसराचा असतो.

पोलादाच्या भिंती

रेडिओ लहरींच्या दृष्टीने घर आणि कारखाना यांत मोठा फरक आहे. विटांची भिंत किंवा लाकडी दार लहरींना क्षीण करते, पण बहुधा पूर्णपणे अडवीत नाही. धातूचा पत्रा मात्र लहरींना आरपार जाऊ देत नाही. आरसा प्रकाशाला परतवतो त्याप्रमाणे तो त्यांना परतवतो. कारखान्याचे छप्पर पत्र्याचे, खांब लोखंडाचे, टाक्या पोलादाच्या आणि यंत्रेही धातूचीच. साहजिकच प्रेषकातून निघालेली लहर एका वाटेने न जाता अनेक ठिकाणी आपटून, अनेक वाटांनी ग्राहकापर्यंत पोहोचते.

या अनेक वाटांची लांबी सारखी नसते. एक लहर शिखरावर असताना दुसरी तळाशी असली, तर दोन्ही एकमेकींना मारक ठरतात आणि त्या जागी संदेश जवळजवळ नाहीसा होतो. आज कारखान्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या २४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रतेच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. म्हणजे दोन वाटांच्या लांबीत ६ सेंटिमीटरांचा फरक पडला तरी एवढा परिणाम घडू शकतो. एखादे उपकरण मूळ जागी काम करीत नाही आणि दोन-चार बोटे बाजूला सरकविले की व्यवस्थित चालू लागते, याचे रहस्य येथे आहे. त्यात चमत्कार नाही, तसेच ते यंत्र सदोष आहे असेही नाही.

याहून अवघड गोष्ट अशी की, कारखान्यातील परिसर स्थिर नसतो. यारी सरकते, मालाची गाडी येऊन उभी राहते, लोखंडी दार उघडते वा मिटते आणि प्रत्येक हालचालीबरोबर लहरींच्या वाटा बदलतात. सकाळच्या पाळीत उत्तम चालणारी जोडणी दुपारी तुटते, ती यामुळेच.

साखर कारखान्यात याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते, ती म्हणजे पाणी. पाणी या लहरींना शोषून घेते. उसात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि गिरणीतून बाहेर पडणाऱ्या चिपाडातही वजनाच्या सुमारे निम्मे पाणी असते. उसाची रास किंवा चिपाडाचा ढीग हा म्हणूनच लहरींच्या मार्गातील एक जाड, ओला पडदा ठरतो. बिनतारी यंत्रणेची पाहणी अनेकदा हंगाम संपल्यावर केली जाते, कारण तेव्हा कारखाना बंद असतो आणि तंत्रज्ञांना सवड असते. त्या वेळी आवार मोकळे असते, यंत्रे थांबलेली असतात आणि सर्व जोडण्या निर्दोष दिसतात. बॉयलर पेटून गाळप सुरू झाले की तीच यंत्रणा अडखळू लागते. म्हणून पाहणी ऐन हंगामात, भरलेल्या आवारात आणि चालू यंत्रांच्या सान्निध्यातच झाली पाहिजे. रिकाम्या कारखान्यात घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

ठिणग्यांचा गोंगाट

हर्ट्झ आणि बोस यांनी लहरी निर्माण केल्या त्या विजेच्या ठिणगीच्या साहाय्याने. वेल्डिंगची ज्योत, मोटारीतील कार्बन ब्रशाखाली उडणारी ठिणगी, मोठा विद्युतप्रवाह तोडताना स्विचमध्ये होणारा चकचकाट ही सर्व त्या जुन्या प्रेषकाचीच ओबडधोबड रूपे आहेत. ती कोणताही निरोप देत नाहीत, केवळ गोंगाट करतात. मोटारीचा वेग कमीजास्त करणारी आधुनिक इलेक्ट्रॉनिक साधनेही प्रवाहाची अतिशय जलद उघडझाप करीत असल्याने असाच गोंगाट निर्माण करतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बिनतारी यंत्रणा बिघडली की दोष बहुधा वेल्डिंगच्या माथी मारला जातो. ठिणगीचा गोंगाट कमी कंप्रतेच्या लहरींत अधिक असतो आणि कंप्रता वाढत जाते तसतसा तो सामान्यतः क्षीण होत जातो. म्हणून १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या वॉकी-टॉकीला त्याचा जेवढा उपद्रव होतो, तेवढा २४०० मेगाहर्ट्झच्या उपकरणाला होत नाही. त्या उपकरणाचा खरा प्रतिस्पर्धी प्रसंगी उपाहारगृहात सापडतो. अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी २४५० मेगाहर्ट्झच्या सुमारास चालते आणि तिच्यातून निसटलेली अल्प शक्तीदेखील शेजारच्या ग्राहकाला गोंधळात टाकण्यास पुरेशी असते. गोंगाट केवळ हवेतून येतो असेही नाही. विद्युतपुरवठ्याच्या तारांवाटे तो उपकरणाच्या पोटात शिरतो. योग्य भूसंपर्क, आवरणयुक्त केबल आणि वेगनियंत्रकांपासून पुरेसे अंतर हे साधे उपाय या कामी उपयोगी पडतात.

विजेच्या गोंगाटाचे महत्त्व किती, हे समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या या दुर्बिणीने अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण मीटर-लहरींचा वेध घेतला जातो. तिच्यासाठी जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे ही एक महत्त्वाची कसोटी होती. शास्त्रज्ञांना आपल्या उपकरणासाठी शांत जागा शोधता आली. कारखानदाराला तशी निवड नसते, कारण त्याचा गोंगाट त्याच्याच यंत्रांतून निघत असतो. त्याच्याबरोबर राहूनच त्याला निरोप ऐकावयाचा असतो.

सामायिक हवा आणि कायदा

गोंगाटाइतकीच अडचण गर्दीची असते. कार्यालयातील वाय-फाय, कॅमेरे, कामगारांचे भ्रमणध्वनी, मालावरील सांकेतिक पट्ट्या वाचणारी हातयंत्रे आणि शेजारच्या कारखान्यातील उपकरणे ही सर्व बहुधा एकाच कंप्रतापट्ट्यात बोलत असतात. २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फायच्या एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रत्यक्षात तीनच मिळतात. चौथा पाहुणा आला की त्याला कोणाच्या तरी पंगतीत दाटीने बसावे लागते.

वाय-फायचा शिरस्ता सभेतल्या सभ्य माणसासारखा आहे. आधी ऐकावयाचे, कोणी बोलत नसेल तर बोलावयाचे. परंतु मध्ये बॉयलर उभा असला की दोन्ही बाजूंच्या उपकरणांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. दोघांनाही वाटते की वाट मोकळी आहे. दोघेही एकाच वेळी बोलतात आणि मधल्या केंद्राला दोघांचेही बोलणे कळत नाही. घरात क्वचित घडणारा हा प्रकार कारखान्यात नित्याचा होऊ शकतो.

कायद्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. भारतात बिनतारी साधनांचे नियमन दीर्घकाळ १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांखाली होत असे. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मुक्त करण्यात आला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यालाही अशी मुभा मिळाली, तर ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे विस्तृत पट्टे २०१८ मध्ये खुले झाले.

परवाना लागत नाही, याचा अर्थ संरक्षण मिळते असा नाही. या पट्ट्यांतील उपकरणाने इतरांना व्यत्यय आणू नये, अशी अट असते; मात्र इतरांकडून त्याला व्यत्यय आला तर त्याबद्दल दाद मागण्याचा हक्क त्याला नसतो. ज्या निरोपावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तो अशा असंरक्षित मार्गाने पाठवावयाचा की नाही, याचा निर्णय घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

परदेशातून यंत्र मागविताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा उपकरणांसाठी खुला आहे. भारतात त्यातील काही भाग भ्रमणध्वनी सेवेच्या कामी येतो. तेथील बाजारासाठी तयार झालेले उपकरण येथे जसेच्या तसे सुरू केल्यास नियमभंग तर होतोच, शिवाय परिसरातील भ्रमणध्वनी सेवेलाही बाधा येऊ शकते. म्हणून खरेदीपूर्वी उपकरणाची कंप्रता, त्याची शक्ती आणि त्याला भारतातील मान्यता आहे किंवा कसे, हे कागदोपत्री पडताळून पाहणे हितावह ठरते.

वेळेवर पोहोचणे

रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने जाते. कारखान्याच्या आवारातील ३०० मीटरांचे अंतर तोडण्यास तिला सेकंदाचा दहा लक्षांशावा भाग पुरतो. मग निरोपाला उशीर का होतो? उशीर होतो तो आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात आणि बिघडलेला निरोप पुन्हा पुन्हा पाठविण्यात.

पत्रव्यवहाराच्या दृष्टीने एक-दोन सेकंदांच्या विलंबाला काही महत्त्व नसते. मळीच्या टाकीची पातळी अर्ध्या मिनिटाने उशिरा कळली तरीही बिघडत नाही. परंतु मिनिटाला ६० मीटर वेगाने सरकणारी यारी एका सेकंदात पूर्ण एक मीटर पुढे गेलेली असते. ‘थांब’ ही आज्ञा तिला एका सेकंदाने मिळाली, तर ते वरातीमागून घोडे ठरते. सरासरी वेग किती, यापेक्षा कमाल विलंब किती, हा प्रश्न कारखान्यात अधिक महत्त्वाचा असतो. दिवसभरात हजार निरोप वेळेवर गेले आणि एकच उशिरा गेला, तर त्या एकाचे काय होते, यावर यंत्रणेची योग्यता ठरते.

या अडचणीवर अभियंत्यांनी शोधलेला एक मार्ग मनोरंजक आहे. हेडी लामार ही चित्रपट-अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना १९४२ मध्ये अमेरिकेत एक एकस्व मिळाले. पाणतीराला दिलेल्या बिनतारी आज्ञा शत्रूने अडवू नयेत, म्हणून प्रेषक आणि ग्राहक यांनी ठरलेल्या क्रमाने सतत कंप्रता बदलत राहावी, अशी त्यांची कल्पना होती. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ कंप्रता त्यांनी योजिल्या होत्या. एका कंप्रतेवर अडथळा आला तरी पुढचा निरोप दुसरीवरून जातो, हे तत्त्व आज औद्योगिक यंत्रणांमध्येही वापरले जाते.

प्रक्रिया-उद्योगांसाठी २००७ मध्ये प्रसृत झालेली आणि २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेलेली वायरलेस-हार्ट ही पद्धती याचे उत्तम उदाहरण होय. या पद्धतीत सेकंदाचे १०० समान भाग पाडलेले असतात आणि कोणत्या भागात कोणी बोलावयाचे हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे एकमेकांच्या बोलण्यात अडथळा येत नाही. प्रत्येक वेळी कंप्रता बदलली जाते. शिवाय एखाद्या उपकरणाचा केंद्राशी थेट संपर्क होत नसेल, तर ते आपला निरोप शेजारच्या उपकरणाकरवी पुढे धाडते. एक वाट बंद झाली तर दुसरी धरली जाते. तापमान, दाब, पातळी यांसारख्या सावकाश बदलणाऱ्या राशींच्या नोंदीसाठी ही पद्धती विश्वासार्ह ठरली आहे. अतिजलद यंत्राच्या नियंत्रणासाठी मात्र ती योजलेली नाही, हेही विसरता कामा नये.

आज्ञा हरवली तर?

आता लेखाच्या प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. कितीही काळजी घेतली तरी कधी ना कधी निरोप हरवणार, हे गृहीत धरूनच यंत्रणा आखली पाहिजे. आगगाडीचा ब्रेक हा याचा जुना आणि नामी दाखला आहे. आगगाडीच्या सर्व डब्यांतून हवेची नळी गेलेली असते. डबे सुटून नळी तुटली तर ब्रेक निकामी होत नाहीत, उलट ते आपोआप लागतात. बिघाड झाला की गाडी थांबते, सुटत नाही. यारीच्या भार उचलणाऱ्या भागाचा ब्रेकही वीज गेल्यावर याच रीतीने स्प्रिंगच्या जोराने घट्ट बसतो.

बिनतारी यारी-नियंत्रक याच तत्त्वावर चालला पाहिजे. हातातील नियंत्रक आपल्या अस्तित्वाची खूण सतत पाठवीत असतो. ठराविक मुदतीत योग्य खूण मिळाली नाही, तर यारीवरील ग्राहकाने मुख्य प्रवाह तोडून यारी थांबविली पाहिजे. थांबण्यासाठी आज्ञेची वाट पाहावयाची नाही. आज्ञा येईनाशी झाली हीच थांबण्याची आज्ञा. प्रत्येक नियंत्रकाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असावा, म्हणजे शेजारच्या यारीचा निरोप चुकून स्वीकारला जाणार नाही. दुरून यारी चालविता येते म्हणून ती नजरेआडून चालविली जाऊ नये, हाही दंडक पाळला पाहिजे.

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. जोडणी वारंवार तुटत असेल, तर यारीही वारंवार थांबेल. गव्हाणीत ऊस पडणे बंद होईल, गिरणी खोळंबेल, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढेल आणि पाळीवरील सर्वजण वैतागतील. अशा वेळी ‘आपोआप थांबण्याची’ सोय तात्पुरती बंद करून टाकण्याचा मोह होतो. कोणीतरी एक तार जोडून सुरक्षेची साखळी टाळतो आणि काम सुरू होते. तात्पुरती म्हणून केलेली ही जोडणी मग हंगामभर तशीच राहते आणि ज्या क्षणासाठी ती सोय योजलेली होती, त्याच क्षणी ती हजर नसते. कमकुवत बिनतारी जोडणीचा सर्वात मोठा धोका हा आहे. ती स्वतः अपघात घडविते असे नाही. ती माणसांना सुरक्षा टाळावयास शिकविते. म्हणून जोडणीची गुणवत्ता हा उत्पादनाइतकाच सुरक्षिततेचाही विषय आहे, हे व्यवस्थापनाने ओळखले पाहिजे. यारी वारंवार थांबत असल्याची तक्रार आली की ती कामगाराची कुरकुर न मानता बिघाडाची सूचना मानावी.

परका आवाज

हवेतील निरोप भिंतीबाहेरही ऐकू जातो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मरूची परगण्यात २००० मध्ये घडलेली घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील सांडपाण्याच्या १४२ पंपिंग केंद्रांचे नियंत्रण रेडिओ संदेशांनी होत असे. ही यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेल्या एका असंतुष्ट माणसाने संगणक आणि रेडिओ संच मोटारीत ठेवून त्या केंद्रांना खोट्या आज्ञा दिल्या. पंप बंद पडले आणि सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी उद्याने व ओढे-नद्या यांत वाहून गेले. पुढे न्यायालयाने त्याला कारावासाची शिक्षा दिली. यंत्रणेने आज्ञा काय आहे एवढेच पाहिले. ती कोणाची आहे, हे विचारले नाही.

यारीच्या बिनतारी नियंत्रकांबाबतही संगणक-सुरक्षेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही नियंत्रकांच्या आज्ञा हवेतून टिपून घेऊन नंतर जशाच्या तशा पुन्हा सोडल्या असता यारी त्या पाळते, असे त्यांना आढळले. यावर उपाय आहेत. निरोप कूटलिपीत असावा, प्रत्येक निरोपासोबत बदलता क्रमांक असावा आणि जुना क्रमांक पुन्हा आल्यास तो नाकारला जावा. उपकरणाबरोबर कारखानदाराकडून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीला किंवा काम संपविलेल्या ठेकेदाराला माहीत असलेले संकेतही तत्काळ बदलावेत. या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. शिस्त मात्र लागते.

ज्वालाग्राही जागा आणि बॅटरी

अनेक साखर कारखान्यांना जोडून आसवनी असते. तेथे मद्यार्काची वाफ हवेत मिसळण्याचा संभव असतो. अशा जागी बसवावयाचे कोणतेही विद्युत उपकरण ठिणगी वा अतिरिक्त उष्णता निर्माण करणार नाही, अशा खास बनावटीचे असावे लागते. बिनतारी उपकरणही त्याला अपवाद नाही. त्याची बॅटरी, त्याचे आवरण आणि त्याची प्रेषणशक्ती या सर्वांचा विचार त्यात येतो. या विषयातील मान्यतेचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूर येथे आहे. साधे उपकरण स्वस्त मिळते म्हणून ते आसवनीत बसविणे म्हणजे थोड्या बचतीसाठी मोठे संकट ओढवून घेणे होय.

तार गेली की वीजपुरवठ्याची तारही जाते आणि उपकरण बॅटरीवर अवलंबून राहते. निरोप जितक्या वारंवार पाठवावा तितकी बॅटरी लवकर संपते. टाकीची पातळी दर सेकंदाला कळण्याची गरज नसते. ती मिनिटाला एकदा कळली तरी पुरते. प्रत्येक मोजमापासाठी किती वेळाने निरोप हवा, हे विचारपूर्वक ठरविल्यास बॅटरी दीर्घकाळ टिकते. साखर कारखान्यात हंगामापूर्वीच्या दुरुस्तीच्या वेळी सर्व बॅटऱ्यांची तपासणी करून जुन्या बदलून टाकण्याचा परिपाठ ठेवावा. ऐन हंगामात उंच टाकीवर चढून बॅटरी बदलणे हे स्वतःच धोक्याचे काम असते.

नियोजन कसे करावे?

या सर्व विवेचनाचे सार व्यवहारात आणावयाचे तर प्रथम कारखान्यातील निरोपांची यादी करावी आणि त्यांचे तीन गट पाडावेत. पहिल्या गटात उशीर खपवून घेणारे निरोप येतात : टाकीची पातळी, साठ्याची नोंद, बेअरिंगचे तापमान, वीजवापराची मोजणी. यांच्यासाठी बिनतारी साधन उत्तम होय. नव्याने आरंभ करणाऱ्या लघुउद्योजकाने येथूनच सुरुवात करावी. दुसऱ्या गटात वेळेवर पोहोचलेच पाहिजेत असे नियंत्रणाचे निरोप येतात. यांच्यासाठी वेळ आणि वाहिनी राखून ठेवणारी पद्धती निवडावी, तसेच कमाल विलंब प्रत्यक्ष मोजून पाहावा. तिसऱ्या गटात माणसाच्या जीविताशी निगडित निरोप येतात. यांच्यासाठी शक्य तेथे तारच ठेवावी. यारीसारख्या ठिकाणी बिनतारी साधन वापरणे इष्टच असेल, तर सुरक्षेसाठी प्रमाणित झालेले आणि निरोप तुटताच यंत्र थांबविणारे साधनच घ्यावे.

याखेरीज आवारात कोणते उपकरण कोणत्या कंप्रतेवर चालते, याची एक नोंदवही ठेवावी आणि तिची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. नवा कॅमेरा किंवा नवे वाय-फाय केंद्र त्या व्यक्तीच्या संमतीवाचून बसविले जाऊ नये. आकाशक शक्यतो उंचावर आणि धातूच्या पृष्ठभागापासून दूर असावेत. महत्त्वाच्या ठिकाणी थोड्या अंतरावर दोन आकाशक बसविल्यास, एका जागी संदेश क्षीण झाला तरी दुसऱ्या जागी तो मिळण्याची शक्यता राहते. मोठ्या उद्योगांना स्वतःच्या आवारापुरते स्वतंत्र दूरसंचार जाळे उभारता यावे, म्हणून केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. राखीव कंप्रतेचा लाभ त्या मार्गाने मिळू शकतो. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांनी शेजाऱ्यांशी बोलून आपापल्या वाहिन्या वाटून घेतल्या, तरी बराचसा गोंधळ टळेल. हवा सामायिक असेल, तर तिचा वापरही सहकारानेच झाला पाहिजे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे कामगारांचे प्रशिक्षण. जोडणी तुटल्याचे यंत्र कसे दर्शविते, त्या वेळी काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही, हे पाळीवरील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. तार तुटली तर ती डोळ्यांना दिसते. लहर तुटली तर काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त परिणाम. रात्रपाळीत यारीच्या आकड्याखाली काम करणाऱ्या माणसाला लहरींचे शास्त्र ठाऊक असण्याची गरज नाही. निरोप हरवला तरी डोक्यावरचा भार जागच्या जागी थांबेल, एवढा भरवसा मात्र त्याला मिळावयास हवा. तो देण्याची जबाबदारी यंत्रणा निवडणाऱ्यांची, बसविणाऱ्यांची आणि चालविणाऱ्यांची आहे.